धन्याने धुतलेले पाय : ख्रिस्ती परंपरेतील एका विधीचा इतिहास

ख्रिस्ती पंचांगात ईस्टरच्या आधीचा आठवडा पवित्र सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातल्या गुरुवारी, येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, धर्मगुरू अंगावरचे मानाचे वस्त्र उतरवतो, कमरेला पंचा बांधतो आणि समोर बसलेल्या उपासकांपैकी काहींचे पाय धुऊन पुसतो. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या काळात हे कृत्य मठांतल्या स्वयंपाकघरांत, राजवाड्यांत, इस्पितळांत आणि शेतकऱ्यांच्या घरांत झाले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यामागे एकच प्रश्न उभा होता : ज्या पुरुषाच्या हाती अधिकार आहे त्याने खाली वाकायचे म्हणजे नेमके काय करायचे? या इतिहासाचा मागोवा घेतला तर असे दिसते की, जेथे पाय धुणे हे वर्षातून एकदा लोकांनी पाहायचे दृश्य झाले तेथे धुणाऱ्याचाच मोठेपणा वाढला, आणि जेथे ते आळीपाळीने येणारे, रोजच्या कामाला जोडलेले कर्तव्य राहिले तेथे मूळ शिकवण अधिक टिकली.

या कृत्याचा धक्का समजण्यासाठी प्रथम ते कोणाचे काम होते हे पाहावे लागते. धुळीच्या वाटांवरून उघड्या चपलांनी चालत आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यास पाणी देणे हा पश्चिम आशियातील आतिथ्याचा साधा भाग होता, परंतु दुसऱ्याचे पाय स्वतःच्या हाताने धुणे हे दासाचे किंवा घरातल्या स्त्रीचे काम समजले जाई. जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात दावीद अबीगईलला लग्नाची मागणी घालतो, तेव्हा ती आपले लीनपण व्यक्त करण्यासाठी त्याच्या चाकरांचे पाय धुणारी दासी होण्याची तयारी दाखवते, कारण त्याहून खालची पायरी तिच्या समाजाला माहीत नव्हती. यहुदी धर्मशास्त्राच्या जुन्या भाष्यांत तर यहुदी दासाकडून धन्याने हे काम करून घेऊ नये असे मत आढळते. रोमन जगातही कमरेला गुंडाळलेला पंचा ही दासाची खूण होती. सम्राट कॅलिग्युलाने सिनेटच्या प्रतिष्ठित सभासदांना तसा पंचा गुंडाळून आपल्या भोजनासनापाशी सेवेला उभे केले, हे सुएटोनियस या चरित्रकाराने त्याच्या उद्दामपणाचे उदाहरण म्हणून नोंदवले आहे. कॅलिग्युलाचा काळ इ. स. ३७ ते ४१ हा आहे, म्हणजे शुभवर्तमानांतील घटनांनंतर अवघ्या काही वर्षांतला.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुऊ लागतो, हा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. पेत्र आपले पाय धुऊ देण्यास ठाम नकार देतो. त्या नकारात गुरूविषयीचा आदर आहे, तशीच उतरंडीची काळजीही आहे, कारण गुरू दास झाला तर शिष्याच्या जागेचाही अर्थ बदलतो. लूकच्या शुभवर्तमानानुसार त्याच भोजनाच्या वेळी आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांमध्ये वाद झाला होता, आणि मार्कच्या दहाव्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब व योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा आधीच मागून ठेवतात, त्यावर इतर दहा जण संतापतात. तेव्हा परराष्ट्रीयांचे सत्ताधीश आपल्या लोकांवर हुकमत गाजवतात, तुमच्यात मात्र ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावे, अशा आशयाची शिकवण येशू देतो. ही शिकवण दिली गेली ती जागांसाठी भांडणाऱ्या बारा पुरुषांना, ही गोष्ट विसरून चालणार नाही. योहानच्याच शुभवर्तमानात, पाय धुण्याच्या प्रसंगाच्या अगदी आदल्याच अध्यायात, बेथानीची मरीया येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते केसांनी पुसते, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवेच्या सत्कृत्यांत पवित्र जनांचे पाय धुणे मोजले आहे. स्त्रिया हे काम करीतच होत्या. त्यांना तो धडा नव्याने देण्याची गरज नव्हती.

पहिल्या काही शतकांत हे कृत्य नेमके कोठे बसवायचे याविषयी चर्चमध्ये एकमत नव्हते. मिलानचा बिशप अँब्रोज याच्या काळात, म्हणजे चौथ्या शतकाच्या अखेरीस, तेथे नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुतले जात. रोमच्या चर्चमध्ये ही प्रथा नव्हती आणि अँब्रोजने तिचे जोरकस समर्थन केले. उलट स्पेनमधील एल्विरा येथे त्याच शतकाच्या आरंभी भरलेल्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूंनी पाय धुण्यास मनाई केली होती. उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमाराच्या एका पत्रात लिहिले आहे की, काही चर्चनी ही प्रथा स्वीकारलीच नाही आणि काहींनी असलेली सोडून दिली, कारण लोक तिला बाप्तिस्म्याचाच भाग समजतील अशी त्यांना भीती वाटत होती.

या विधीला खरे घर मिळाले ते मठांत. इटलीतील माँते कासिनो येथे मठ स्थापणाऱ्या बेनेडिक्टने सहाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेली नियमावली पुढे पश्चिम युरोपातील बहुतेक मठांनी स्वीकारली. तिचा पस्तिसावा अध्याय स्वयंपाकघरातील आठवड्याच्या पाळीविषयी आहे आणि नम्रतेच्या इतिहासात त्याचे मोल अनेक प्रवचनांहून अधिक मानले पाहिजे. आजारी असलेला किंवा मठाच्या एखाद्या महत्त्वाच्या कामात गुंतलेला संन्यासी सोडता कोणालाही या पाळीतून सूट नव्हती. ज्याचा आठवडा संपत असे त्याने शनिवारी साफसफाई करायची, बंधूंनी हातपाय पुसलेले पंचे धुवायचे आणि भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठारप्रमुखाकडे परत करायची. मग पाळी संपवणारा आणि पाळी सुरू करणारा, अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. सेवा करताना कुरकुर होऊ नये म्हणून वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी ठरल्या वाट्याहून थोडे अधिक पेय व भाकरी द्यावी, असेही बेनेडिक्टने सांगितले आहे. उपाशी माणसाकडून हसतमुख सेवेची अपेक्षा धरू नये हे ओळखणारा हा नियमकर्ता माणसाला जवळून जाणत होता, आणि पाय धुण्याच्या विधीशेजारी त्याने घाणेरडे पंचे धुण्याचे काम ठेवले, यात त्याची दृष्टी स्पष्ट दिसते.

त्याच नियमावलीत मठाधिपतीने, म्हणजे मठाच्या प्रमुखाने, पाहुण्यांच्या हातांवर स्वतः पाणी घालावे आणि सर्व समुदायासह त्यांचे पाय धुवावेत, विशेषतः गरीब व यात्रेकरूंचे स्वागत अधिक आस्थेने करावे, असे सांगितले आहे. श्रीमंताचा दरारा त्याच्यापुरता मान मिळवून घेतोच, असे त्यामागचे कारणही दिले आहे. महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण योग्य मार्ग पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला सुचतो, हा नियम तिसऱ्या अध्यायात येतो. मठाधिपतीचा अधिकार मात्र बेनेडिक्टने कोठेही सैल केलेला नाही. अंतिम निर्णय त्याचाच आणि इतरांनी आज्ञा पाळायची. पण त्याने हुकमत गाजवण्यापेक्षा बंधूंच्या उपयोगी पडण्याकडे लक्ष द्यावे आणि प्रत्येक आत्म्याचा हिशेब आपल्याला देवापुढे द्यायचा आहे हे ध्यानात ठेवावे, असे बजावून तो अधिकार उत्तरदायित्वाने बांधला आहे.

याच परंपरेतून पोप ग्रेगरी पहिला पुढे आला. रोम शहराचे सर्वोच्च मुलकी पद सोडून तो संन्यासी झाला होता आणि ५९० मध्ये, इच्छा नसताना, पोप झाला. धर्माधिकाऱ्यांच्या कर्तव्यांविषयी त्याने लिहिलेला ग्रंथ मध्ययुगात बिशपांच्या हाती असे आणि नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याने तो इंग्रजीत आणला. अधिकाऱ्याला स्तुतीची चटक लागते आणि मग त्याला खरे सांगणारे कोणी उरत नाही, हे ग्रेगरीने स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते. 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद त्याने वापरले आणि ते पुढे पोपच्या अधिकृत बिरुदांत कायमचे बसले. मात्र पुढच्या शतकांत राजांना पदच्युत केल्याचे फर्मान काढणारे पोपही हेच बिरुद लिहीत होते, यावरून नम्रतेचे शब्द सत्तेच्या मुद्रेवर किती सहज कोरले जातात हे दिसते.

इ. स. ६९४ मध्ये टोलेडो येथील सतराव्या धर्मपरिषदेने पवित्र गुरुवारी पाय धुण्याची प्रथा बंद पडत असल्याची दखल घेतली आणि ती टाळणाऱ्या धर्मगुरूंना दोन महिने प्रभुभोजनापासून, म्हणजे शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीपासून, दूर ठेवण्याची शिक्षा सांगितली. वाकण्यासाठी शिक्षेची धास्ती घालावी लागली, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. मठांतही बदल होत गेले. ९१० मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे अफाट संपत्ती मिळवलेल्या क्लूनीच्या मठात दररोज तीन गरिबांचे पाय धुण्याचा नियम होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याऐवजी ठरावीक संख्येचे प्रतीक आले, तरी निदान ते रोज घडत राहिले. १०९८ मध्ये सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने बेनेडिक्टच्या मूळ शिस्तीकडे परतताना शनिवारचे पाय धुणेही जपले.

राजदरबारांनी हा विधी उचलला तेव्हा त्याची दिशाच बदलली. इंग्लंडचा राजा जॉन याने १२१० मध्ये नेअर्सबरो येथे गरिबांना वस्त्रे व अन्न दिल्याची आणि १२१३ मध्ये रॉचेस्टर येथे तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेनी दिल्याची नोंद आहे. पुढे राजाच्या वयाइतक्या गरिबांना त्या दिवशी दान देण्याची रीत पडली. १५५६ मध्ये राणी मेरीने ग्रिनिच येथे एक्केचाळीस गरीब स्त्रियांचे पाय गुडघ्यांवर सरकत धुतले आणि अंगावरचा झगा त्यांच्यातील सर्वांत दरिद्री स्त्रीला दिला, असे प्रत्यक्षदर्शी वृत्तांतात आहे. तिची बहीण एलिझाबेथ हिच्या १५७० च्या दशकातील विधीत मात्र राणीचा हात लागण्यापूर्वी त्या स्त्रियांचे पाय कोमट पाण्याने व सुगंधी वनस्पतींनी आधीच अनेक वेळा धुतले जात. प्रथम धुलाईखात्याचा सेवक, मग दानधर्म खात्याचे अधिकारी, आणि शेवटी राणी. ज्या पायांवर मळ उरलेलाच नाही ते धुण्यात सेवा किती आणि शोभा किती, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या राजघराण्याने पाय धुणे सोडले आणि खास पाडलेली नाणी वाटण्याचा समारंभ तेवढा ठेवला. त्यातील अधिकारी आजही कमरेला पांढरा पंचा बांधतात, पाणी मात्र नसते. व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ दरवर्षी बारा वृद्ध गरिबांसमोर दरबारी थाटात गुडघे टेकीत असे. या राज्यकर्त्यांच्या मनात भक्ती नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि गरिबांना मिळालेले अन्नवस्त्र खरेच होते. तरीही एका दिवसाच्या वाकण्याने उरलेल्या वर्षातले सिंहासन अधिक पवित्र दिसू लागे, हेही तितकेच खरे.

सोळाव्या शतकातच याला उत्तर देणारे दोन प्रवाह निघाले. रोममध्ये फिलिप नेरी याने १५४८ मध्ये सामान्य उपासकांचा एक संघ उभारला आणि १५५० च्या पवित्र वर्षात शेकडो कोसांवरून चालत आलेल्या यात्रेकरूंना या संघाने आसरा दिला. त्यांचे पाय धुणे हे तेथील रोजचे काम होते आणि ते पाय खरोखर मळलेले, फोडांनी भरलेले असत. पुढे सरदार आणि कार्डिनलही तेथे पंचा बांधून उभे राहू लागले. येशूसंघाचा मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आला तोही याच काळात. त्याच्याजवळ पोपचा प्रतिनिधी असल्याची पत्रे होती, पण तो इस्पितळात राहिला आणि रुग्णांची सेवा करीत राहिला. पोर्तुगालहून निघताना देऊ केलेला नोकर त्याने घेतला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. नव्या सभासदाने काही काळ इस्पितळात रुग्णसेवा केलीच पाहिजे, असा नियम त्याच्या येशूसंघाने पुढे लिहूनच ठेवला.

दुसरा प्रवाह अ‍ॅनाबॅप्टिस्टांचा, म्हणजे समजत्या वयात स्वेच्छेने घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या आणि त्यासाठी कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांकडून छळ सोसणाऱ्या गटांचा. मुख्य प्रवाहातील प्रोटेस्टंट पंथांनी पाय धुण्याचा विधी बहुतांशी सोडून दिला होता. अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी तो समतेच्या रूपात उचलला. त्यांच्यातील मेनोनाइट पंथाच्या नेदरलँड्समधील मंडळ्यांनी १६३२ मध्ये डोर्ड्रेख्ट येथे अठरा कलमांचे श्रद्धापत्र स्वीकारले, त्यातील अकरावे कलम पाय धुण्याविषयी आहे. येथे एक धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो असे दृश्य नसते. पुरुष पुरुषांचे आणि स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात, ज्याचे धुतले तोही धुतो, आणि मंडळीचा प्रमुख त्याच रांगेत बसतो. आमिश लोकांत हे वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या वेळी, होते. त्यांच्यात धर्मसेवक निवडण्याची रीतही याच मनोवृत्तीतून आली आहे : मंडळीने सुचवलेल्या विवाहित पुरुषांपुढे सारख्याच दिसणाऱ्या गीतपुस्तकांची रांग मांडतात, त्यांपैकी एकात चिठ्ठी असते, आणि ज्याच्या पुस्तकात ती निघते त्याला आयुष्यभर विनावेतन ते काम करावे लागते. पदासाठी हात पुढे करणारा तेथे अपात्र समजला जातो, आणि चिठ्ठी निघालेल्या पुरुषाच्या घरी आनंदापेक्षा गांभीर्यच अधिक असते.

जर्मनीतील श्वार्त्सेनाऊ येथे १७०८ मध्ये आठ जणांनी स्थापलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या ब्रेदरन पंथानेही, अलेक्झांडर माक या गिरणीवाल्याच्या नेतृत्वाखाली, पाय धुणे, सहभोजन आणि प्रभुभोजन यांची एकत्र गुंफण केली आणि तिला प्रीतिभोजन म्हटले. एकोणिसाव्या शतकात मात्र याच पंथात वाद पेटला : एकाने अनेकांचे पाय धुवावेत व दुसऱ्याने पुसावेत, की प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे स्वतःच धुऊन पुसावेत? १८८० च्या दशकारंभी पंथ फुटला त्यामागे अनेक कारणे होती, त्यांत हा मतभेदही होता. लीनतेच्या विधीवरून बंधूंनी वेगळे व्हावे हे दुःखद आहे, पण त्या वादात एक गंभीर आशय होता; प्रत्येकाने संपूर्ण सेवा स्वतःच्या हाताने करावी की सेवेचीही वाटणी चालेल, हा तो प्रश्न.

या पंथाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला. अमेरिकेतील ब्रेदरनांनी १८९४ मध्ये आपले पहिले मिशनरी भारतात पाठवले. वलसाड हे त्यांचे पहिले केंद्र झाले आणि पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूपर्यंत त्यांचे काम पोहोचले, तेथे त्यांचे रुग्णालयही उभे राहिले. १९७० मध्ये त्यांच्या बहुसंख्य मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या भूमीला पाय धुणे अपरिचित नव्हते. पाहुण्याला पाद्य देणे, गुरूचे पाय धुणे, लग्नात मुलीच्या पित्याने जावयाचे पाय धुणे या रीती येथे जुन्याच आहेत, आणि युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने स्वतःकडे घेतल्याची कथा मराठी घरांत सांगितली जाते. मात्र यांतील बहुतेक प्रसंगांत पाय मान्यवराचे असतात आणि हात मान देणाऱ्याचे. ज्या समाजात स्पर्शालाही जातीची उतरंड होती तेथे पाळीपाळीने एकमेकांचे पाय हातात घेणे हे वेगळेच पाऊल होते, कारण तेथे मान्यवर कोण हे ठरवायलाच जागा उरत नव्हती.

विसाव्या शतकात ही कल्पना चर्चबाहेरही गेली. अमेरिकेतील एका मोठ्या दूरध्वनी कंपनीतून निवृत्त झालेले रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधातून सेवक-नेतृत्व हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रात रुजला. जो आधी सेवक आहे आणि त्यातून नेता होतो तोच खरा नेता, हे त्याचे सूत्र. ग्रीनलीफ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, तरी त्यांनी आपल्या प्रेरणेचे श्रेय हेर्मान हेस्से यांच्या एका कथेतील सेवकाला दिले. पुढे पुरुषांसाठीच्या ख्रिस्ती पुस्तकांत व शिबिरांत हा शब्द फार वापरला गेला, आणि कधी कधी घरातल्या पतीच्या अधिकाराला मऊ नाव देण्यापुरताच उरला. पाळी, पंचे आणि स्वयंपाकघर या गोष्टी वगळून केवळ भावना उचलली की असे होते. बेनेडिक्टच्या मठात आठवडा संपल्यावर भांडी मोजून घेतली जात.

कॅथलिक चर्चमध्ये १९५५ च्या सुधारणेने पोप बारावे पायस यांनी पाय धुण्याचा विधी गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, आणला. त्यामुळे तो प्रथमच गावोगावच्या साध्या चर्चमध्येही सर्वांच्या समोर होऊ लागला. त्यासाठी निवडायची माणसे पुरुषच असावीत असे त्या नियमात लिहिले होते. २८ मार्च २०१३ रोजी, निवडून आल्यानंतर दोन आठवड्यांनी, पोप फ्रान्सिस रोममधील कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तेथील बारा तरुणांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि मुसलमानही होते. जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या उपासनाविभागाने नियमातील पुरुषांचा उल्लेख काढून त्या जागी देवाच्या प्रजेतून निवडलेली माणसे असा बदल केला, म्हणजे स्त्रिया, वृद्ध, तरुण, आजारी अशा सर्वांना वाव दिला. हा बदल रोमन विधी पाळणाऱ्या चर्चपुरता आहे. केरळमधील सीरो-मलबार चर्चने आपल्या पौर्वात्य परंपरेनुसार पुरुष व मुलगे यांचेच पाय धुण्याची प्रथा पुढे चालू ठेवली. वसई, मुंबई आणि गोवा येथील लॅटिन परंपरेच्या चर्चना नवा नियम लागू होतो, आणि गुरुवारी समोरच्या बाकावर कोणाला बसवायचे याची निवड त्या त्या गावच्या धर्मगुरूवर सोपवलेली आहे.